फाडलेली चिठ्ठी

रक्तपेढीच्या खिडकीत हात आला आणि आवाज ओळखीचा निघाला. "बाई, जरा लवकर बघा हो, मुलगी बाळंतीण आहे."

माझी सासू. म्हणजे होती. बारा वर्षांनी. मी तोंडावरचा मास्क काढला नाही.

चिठ्ठी नणंदेच्या नावाची. आईचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह, इंजेक्शन द्यावं. असाच एक कागद चौदा वर्षांपूर्वी माझ्या नावाचा निघाला होता. माझी पहिली मुलगी ठणठणीत जन्मली होती. सासूबाईंनी तो कागद डॉक्टरांच्या हातून घेतला, जिन्यात फाडला आणि म्हणाल्या, आमच्या घरात एवढी बाळंतपणं झाली, कुणाला सुई लागली नाही. मूल धडधाकट आहे, मग औषध कशाला? सगळे माना डोलावत राहिले. मीही.

चूक तिथेच होते. पहिलं मूल धडधाकटच असतं. बाळंतपणात बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर हा परका कोण म्हणून त्याचा चेहरा बघून ठेवतं. तेवढंच. दुसऱ्या वेळी तोच चेहरा दिसला की शरीर विचारत बसत नाही, तुटून पडतं. इंजेक्शन वेळेत दिलं तर तो चेहरा दिसण्याआधीच पुसला जातो. माझ्या शरीरानं तो पाहिला. दुसरं बाळ पोटातच सुजलं, पांढरंफटक पडलं, गेलं. माझ्याच रक्तानं त्याला मारलं.

मग त्या घरात माझं नाव पडलं लेकरूखाई. शेजारणीसुद्धा तान्ही मुलं पदराआड घ्यायच्या. चार महिन्यांत मुलीला काखोटीला मारून मी निघाले, रक्ततपासणीचं काम शिकले. काय झालं होतं ते मला एका पाठ्यपुस्तकात कळलं, पान एकशे बारावर.

इंजेक्शन फ्रिजमध्ये तयार होतं. मी चिठ्ठी ट्रेखाली सरकवली आणि म्हणाले, बसा.

तासाभरात त्या सहा वेळा उठून आल्या. वेळ निघून जातोय, नर्स ओरडतेय, पाया पडते, म्हणाल्या. वेळ बहात्तर तासांचा असतो आणि त्यातले चौदाच झाले होते. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी सांगितलं नाही. हो, मुद्दाम.

सातव्या वेळी मास्क उतरवला.

त्यांचा हात खिडकीच्या कडेला तसाच राहिला. "सूनबाई," एवढंच आलं.

"माझी चिठ्ठी कुठे गेली, ते तुमच्या मुलीला सांगा. माझ्यासमोर. मग देते."

"अगं, ओली बाळंतीण आहे ती."

"मीही होते."

वॉर्डात मी थंड डबा छातीशी धरून उभी राहिले. नणंद तेव्हा शाळेत होती, पण लेकरूखाई म्हणायला तीही शिकली होती. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी घुटमळल्या. म्हणाल्या, हिच्या वेळी असलीच चिठ्ठी मिळाली होती, ती कुठेतरी हरवली.

"हरवली?" मी विचारलं.

"फाडली," त्या म्हणाल्या. "मीच फाडली."

पुढचं मी सांगितलं, शेजारच्या तीन खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात. कुणाच्या रक्तानं काय केलं आणि कुणी करू दिलं. मग डबा नर्सच्या हातात दिला. इंजेक्शन दंडात गेलं.

नणंद रडली. वहिनी, मला माफ करा, म्हणाली. मला माफीशी देणंघेणं नव्हतं. सासूबाईंनी बाळाकडे हात केला, तेव्हा तिनं त्याला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि म्हणाली, "आई, तू बाहेर बस."

मी खाली येताना व्हरांड्यात बाकावर त्या बसल्या होत्या, एकट्या. मी समोरून गेले. थांबले नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?