लवंगेच्या वासाची दाढी

हसा मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. मी थांबते. झालं? मग ऐका. मी दाढी आहे. खोटी दाढी. एका सिनेमातल्या म्हाताऱ्या जादूगाराची. हनुवटीपासून पोटापर्यंत लांब, एके काळी पांढरीशुभ्र, आणि आता डावीकडून कसर लागलेली. तो सिनेमा तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल तर तुम्ही मला नक्की पाहिलंय. पण माझ्यामागे कोण होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. पोस्टरवरही ते लिहिलेलं नाही. म्हणून मलाच तोंड उघडावं लागतंय. खरं तर तोंड झाकणं हे माझं काम.

माझा जन्म टोपवाल्या मावशींच्या खिडकीपाशी झाला. नाटका-सिनेमासाठी केसांचे टोप आणि दाढ्यामिशा करण्यात त्यांची हयात गेली होती. बारीक जाळीवर त्या एकेक केस आकडीने ओढायच्या आणि त्याला गाठ मारायच्या. एक केस, एक गाठ. असं सव्वीस दिवस चाललं होतं. केस बकरीचे होते. (तोंडं वाकडी करू नका, चांगल्या घरच्या बकरीचे होते!) हनुवटीपाशी मात्र ते कमी पडले, तेव्हा मावशींनी कात्री घेतली आणि स्वतःच्या वेणीतले पांढरे केस कापून तिथे लावले. मग त्यांनी मला एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आणि झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवली. ‘ओढू नये. स्पिरिट लावून कडेने सोडवावी.’

खोकं त्यांनी भाच्याच्या हातात दिलं. तो सिनेमात मेकअप करायचा. उंच, शिडशिडीत, बोलायला अगदी कमी. सगळे त्याला मेकअपदादा म्हणत. रंग करून करून त्याच्या नखांच्या कडा कायमच्या तपकिरी झाल्या होत्या. ती नखं लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहेत.

आता मास्तरांबद्दल सांगते. मास्तर म्हणजे ज्यांच्या चेहऱ्यावर मी बसायची ते. शाळेत ते कधी शिकवत नव्हते, पण नव्या नटांना सरळ उभं राहायला शिकवायचे म्हणून ते नाव पडलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी दारातून आत यायचं, ‘साहेब, पत्र आलंय’ म्हणायचं आणि बाहेर जायचं एवढंच काम केलं. कधी पोस्टमन, कधी हवालदार, कधी नुसताच शेजारी. आवाज चांगला राहावा म्हणून गालात कायम लवंग असायची. पहिल्याच दिवशी तो वास माझ्या जाळीत शिरला आणि माझाच होऊन गेला.

त्या दिवशी मला लावून झाल्यावर ते आरशात बघून मोठ्याने हसले. म्हणाले, “वा रे नशीब! चाळीस वर्षांनी मोठं काम मिळालं, आणि तोंडच झाकून टाकलं की रे माझं!”

मेकअपदादा म्हणाला, “डोळे दिसतात ना, मास्तर.”

“दिसतात. आणि ऐक, शेवटचं वाक्य माझ्याच तोंडून जायला हवं. या सिनेमाचं शेवटचं वाक्य मी बोलणार आणि मग खुशाल घरी बसणार. एवढं झालं की बास.”

त्यांना आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका मुलाच्या अंगात जादू असते, पण ती त्याला नको असते. म्हातारा जादूगार त्याला शिकवायला येतो. मुलगा चिडतो, पळतो, लपून बसतो, आणि शेवटी शिकतो. अखेरीस म्हातारा त्याच्या हातात आपली काठी देतो आणि म्हणतो, ‘काठी तू घे, बाळ. मला रस्ता पाठ आहे.’ एवढं बोलून तो दगडी कमानीतून निघून जातो. हेच ते शेवटचं वाक्य.

त्या मुलाचं काम करणारा पोरगा दहा वर्षांचा होता. त्याची आई तिथेच कपडे शिवायची. एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून तिने त्याला बरोबर आणलं, आणि दिग्दर्शकबाईंनी त्याचं फुरंगटलेलं तोंड पाहून म्हटलं, “हाच हवा मला!” पोराला विचारलं तर तो म्हणाला, “नको.” कपडे घाल, नको. केस विंचर, नको. बिस्कीट खातोस का, तर तेही नको. चार दिवसांत त्याचं नाव नकोबा पडलं. सगळं युनिट त्याची दाढी कुरवाळायचं. दाढी मी असताना! मला तर रागच यायचा.

मास्तरांनी मात्र त्याला एकदाही गोंजारलं नाही. ते त्याच्या शेजारी जाऊन बसायचे आणि म्हणायचे, “मलाही नकोच होतं रे. पण आलोय तर नीट उभे राहू.” मग दोघंही नीट उभे राहायचे. मी तर त्याला खेळणंच झाले होते. माझ्या टोकाच्या वेण्या घालायच्या, सोडायच्या, पुन्हा घालायच्या. मेकअपदादा ओरडायचा, “अरे, ओढू नकोस!” पण तो ओढत नव्हता. त्याचे हात हलके होते, ते मलाच ठाऊक.

तिसऱ्या आठवड्यात ते घडलं. कॅमेरा चालू होता. मास्तर एक साधं वाक्य बोलता बोलता मध्येच थांबले. त्यांचा जबडा माझ्याआड दोनदा हलला, पण शब्द आला नाही. त्यांच्या हनुवटीला घाम फुटला आणि माझा गोंद सुटायला लागला. नकोबा समोरच होता. आई मशीन चालवताना त्याच्याकडून अख्खी गोष्ट मोठ्याने वाचून घ्यायची, त्यामुळे सगळ्यांची वाक्यं त्याला पाठ होती. तो पुढे झाला, त्याने मास्तरांना मिठी मारली, माझ्यात तोंड खुपसलं आणि पुढचं वाक्य हळूच सांगितलं. मास्तर ते खणखणीत आवाजात बोलले.

“कट!” बाई खूश झाल्या. “काय गोड केलंस रे! हे ठेवू या. दर वेळी असंच कर!”

दुपारी मेकअपच्या खोलीत मास्तरांनी दार लावून घेतलं. ते म्हणाले, “गेल्या वर्षापासून असं होतंय. शब्द समोर असतो, पण हाताला लागत नाही. कुणाला सांगू नका. कळलं तर मला घरी पाठवतील.” मेकअपदादाने मान खाली घातली. नकोबाकडे बघून मास्तरांनी विचारलं, “सांभाळून घेशील?”

“हो,” तो म्हणाला.

नकोबाच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला ‘हो’.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस, मित्रांनो. रोज सकाळी पोरगा सगळ्यांच्या आधी हजर असायचा. मास्तर अडले की तो माझ्यात शिरायचा. सगळी वाक्यं माझ्यातून जात होती. आवाज नीट पोचावा म्हणून मेकअपदादा मला जरा सैल लावायचा. आमचं तिघाचौघांचं गुपित छान चाललं होतं, आणि मला वाटायला लागलं होतं की हे असंच शेवटपर्यंत निभावेल. मूर्खच मी.

शेवटच्या प्रसंगात मास्तर कमानीच्या वरच्या पायरीवर आणि मुलगा खाली अंगणात, असं ठरलं होतं. मध्ये वीस पायऱ्या, आणि वाक्य झाल्यावरच मुलाने वर येऊन काठी घ्यायची. मिठी मारायची कशी? नकोबाने खालून नुसते ओठ हलवून वाक्य सांगायचं ठरवलं. पण जादूगाराला चष्मा नव्हता, आणि चष्म्याशिवाय मास्तरांना ओठ कुठले दिसायला! सात वेळा घेतलं. सात वेळा ते काठी पुढे करून थांबले. आठव्या वेळी त्यांनी हात वर नेला, त्यांच्या बोटांना मी लागले, आणि ते दचकले.

“हे काय आहे माझ्या तोंडावर? काढा! काढा हे!”

त्यांनी मला मुठीत धरून खसकन ओढलं. डावीकडची जाळी टरकन फाटली. त्यांच्या गालाची साल निघाली आणि रक्त आलं. पोरगा वीस पायऱ्या धावत वर आला आणि ओरडत राहिला, “काठी तू घे, बाळ! मास्तर, काठी तू घे, बाळ!” पण आता सगळ्यांना सगळं कळलं होतं.

मास्तरांची मुलगी येऊन त्यांना घरी घेऊन गेली. जाताना ते सगळ्यांना अगदी व्यवस्थित नमस्कार करत होते.

सेट चार दिवसांत रिकामा करून द्यायचा होता. निर्मात्याने मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “दाढी तीच आहे ना? मग अडलंय कुठे? उंचीला बसेल असा कुणी तरी उभा करा. पाठमोरा घ्या. आवाज काय, नंतर घालता येतो.”

सगळ्यांच्या नजरा मेकअपदादाकडे वळल्या. उंची तीच, बांधा तोच. तो म्हणाला, “मला नाही जमणार.” बाई म्हणाल्या, “सिनेमा पुरा झाला नाही तर मास्तरांचं सगळंच काम डब्यात जाईल. चालेल तुला?” मला घेऊन तो मावशींकडे गेला. मावशींना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी चाचपडत माझी जाळी शिवली, दोन ठिकाणी टाका वाकडा आला. त्यांनी विचारलं, “कुणी ओढली?” त्याने ते सांगितलं नाही.

नकोबा पुन्हा नकोबा झाला होता. कपडे नको, जेवण नको, सेटवर पाऊल नको. तेव्हा बाईंनी त्याच्या आईला सांगितलं आणि आईने त्याला सांगितलं, की मास्तर बरे झालेत आणि आज येणार आहेत. प्रसंगही बदललाय, या वेळी मास्तर खाली अंगणात येणार, तुला मिठी मारता येईल.

मेकअपदादाने हे ऐकलं आणि तरी गप्प बसून मला स्वतःच्या गालांना चिकटवलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पण मी दाढी. मला फक्त लवंगेचा वास होता.

आणि त्या वासानेच घात केला. पोरगा धावत आला. ऊन समोरून येत होतं, त्याने वर पाहिलंच नाही. त्याने घट्ट मिठी मारली, माझ्यात तोंड खुपसलं, खोल वास घेतला आणि घाईघाईने सांगितलं, “काठी तू घे, बाळ. मला रस्ता पाठ आहे. सांगितलं हं मी, आता बोला. घाबरू नका.”

कुणीच बोललं नाही. मग त्याची नजर आपल्या खांद्यावरच्या हाताकडे गेली. नखांच्या कडा तपकिरी होत्या.

तो मागे सरकला. ओरडला नाही, काही नाही. नुसता उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. कॅमेरा चालूच होता. मेकअपदादाने काठी पुढे केली, पोराने ती घेतली, आणि मी पायऱ्या चढून कमानीतून निघून गेले.

“कट!” बाई डोळे पुसत होत्या. “असं रडणं मोठमोठ्यांना जमत नाही!”

तेच चित्र पोस्टरवर आलं. तुम्ही ते बघून रडला असाल. लोक म्हणाले, गुरु-शिष्याचं प्रेम असावं तर असं. मास्तरांचं नाव सिनेमात आहे, पण शेवटचं वाक्य त्यांचं नाही. ते बोलणारा माणूस तर मी कधी पाहिलाही नाही. मेकअपदादाने पुन्हा कुणाला दाढी लावली नाही. तो आता भिंती रंगवतो.

सिनेमा लागल्यानंतर काही दिवसांनी नकोबा त्याच्याकडे आला. त्याने फक्त मला मागून घेतलं. खोकं छातीशी धरून तो मास्तरांच्या घरी गेला आणि त्यांच्या खुर्चीपुढे बसला. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. त्याने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “मांजर कुणाचं?”

पोराने माझ्यात तोंड खुपसलं. तसंच, पूर्वीसारखं. आणि हळूच म्हणाला, “काठी तू घे, बाळ. मला रस्ता पाठ आहे.”

मग तो वाट बघत राहिला. मीही वाट बघितली. मास्तरांनी मान कलती केली, जरा वेळ विचार केला आणि कौतुकाने म्हणाले, “छान बोलतोस रे. कुणी शिकवलं तुला?”

तो उठला. त्याने त्यांना नमस्कार केला आणि गेला. मला न्यायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही, की त्याला मी नकोच होते, ते मला माहीत नाही. तो परत आला नाही. मास्तरांच्या मुलीने मला खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. पुढच्या थंडीत मास्तरांची खुर्ची रिकामी झाली. माझ्यातला लवंगेचा वासही आता गेलाय.

मित्रांनो, मला डांबरगोळ्या नकोत, ऊनही दाखवू नका. माझं व्हायचं ते झालं. एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस एखाद्या शब्दापाशी अडलं, तर तो शब्द त्याला जवळ जाऊन सांगा. उद्या पुन्हा सांगा. त्याचा उपयोग होईल असं मी म्हणत नाही, मला तरी तो झालेला दिसला नाही. पण त्या माणसाच्या जागी दुसऱ्या कुणाला माझ्यासारखी दाढी लावून उभं करू नका. लहान मुलं दाढीला फसतात. एकदाच फसतात.