लेकरू कडेवर घेऊन चालायची वाट

मला भित्री म्हणा, नाय तर येडी म्हणा. पण त्या दिवशी चावडीत जेवढे फेटेवाले बसले व्हते, त्यांच्यातला एक तरी मव्ह्या जागी उभा करा म्हणावं. धोतर वलं झालं असतं एकेकाचं.

आमचं गाव दौलताबादच्या किल्ल्याच्या पाठीमागं. मी कस्तुराबाई, जातीची धनगर, मेंढरं राखून पोट भरणारी. पंचायतीत बाईमाणूस पायजे असा कायदा आला, तव्हा रामकिसन सरपंचानं मव्हा अंगठा घेतला आन् मला मेंबर केलं. मीटिंगीला जायचं, कोपऱ्यात बसायचं, कपातला चहा प्यायचा आन् घरी यायचं, एवढंच मव्हं राजकारण.

त्या साली गावात शाळा बांधली. गावानंच दगड वाहिले, गावानंच माती कालवली. पाया घातला भर उन्हाळ्यात. तव्हा रान मोकळं असतंय, जो तो वावरातून आडवा चालत जायचा, कोणी कोणाला इचारत नव्हतं. भिंती उठल्या, वर पत्रे पडले. आन् रब्बीची पेरणी झाल्यावर समोरच्या रानाला त्याच्या मालकानं, नानासाहेबानं, बोराटीचं काटेरी कुंपण घातलं, तव्हा आमच्या शहाण्यांच्या ध्यानात आलं का शाळेला वाटच नाय. एका अंगाला डोंगर, एका अंगाला खोल वढा, आन् पुढं सगळं नानासाहेबाचं रान. घर बांधलं आन् दार ठेवायचं इसरले, मेले!

मला शाळा कशाला पायजे व्हती ते सांगते. मव्ह्या लेकाची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसऱ्या बारीला सून, आवडाबाई, खुल्ताबादच्या दर्ग्यात जाऊन पदर पसरून बसली. त्यातून हा झाला, म्हणून नाव फकिरा. भीक मागून आणलेल्याला कोण नेतंय, असा आमचा अडाण्यांचा हिशेब. मव्हा नवरा मेंढरामागं मेला, लेक मेंढरामागं उन्हातान्हात फिरतोय. ह्यानं तरी पायात बूट घालावा, खुर्चीवर बसावं, एवढं एकच मव्हं सपान. पाटी आणून ठेवली व्हती. पोरगं पाटी उशाला घेऊन निजायचं.

तर चावडीत मीटिंग भरली. बीडीओ साहेब आले व्हते, तलाठी आला व्हता. साहेब म्हणले, "उन्हाळ्याच्या आत रस्ता दाखवा. नाहीतर मास्तर आणि शाळा दोन्ही शेजारच्या गावाला देतो. मला वर उत्तर द्यायचं आहे."

रामकिसन म्हणला, "साहेब, तिथून गावाची जुनी गाडीवाट व्हती. सगळं गाव सांगंल."

"नकाशात दाखवा."

तलाठ्यानं मुंडी खाली घातली. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत चावडीला आग लागली, तव्हा गावचं सगळं दप्तर जळालं. निजामाच्या राज्यात कोणची वाट कुठून जायची, हे सांगायला कागदाचा चिटोराबी उरला नव्हता.

"मग जमीन संपादन करू," साहेब म्हणले. "नोटीस काढू, मोबदला देऊ."

नानासाहेब भिंतीला टेकून बसला व्हता. उंचापुरा गडी, कपाळावर आठ्या. "काढा नोटीस," तो म्हणला. "मी औरंगाबादच्या कोर्टात जातो. तुमची बदली व्हईल, सरपंच बदलंल, आन् ही शाळा शेळ्या बांधायच्या कामी येईल. वाट व्हती, मी नाय म्हणत नाय. पण ती वढ्याच्या कडंनं व्हती, वढ्यानं खाल्ली. मव्ह्या रानातून नव्हती."

मंग जो कालवा झाला म्हणता! हा म्हणतोय अर्धी घ्या, तो म्हणतोय पूल बांधा, कोणी म्हणतोय डोंगर फोडा. साहेब चष्मा पुसतेत आन् घड्याळात बघतेत. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच.

शेवटी नानासाहेब उठून उभा राहिला. "कोर्ट बी नको आन् नोटीस बी नको. आपल्या बापजाद्यांचा निवाडा करा. उठा कोणी बी. कपाळाला खंडोबाचा भंडारा, डोक्यावर त्या रानाचं ढेकूळ, कडेवर घरचं लेकरू. आन् 'ही वाट गावाची' म्हणत चाला. जिथून चालाल तिथून वाट सोडतो."

माश्यांचा आवाज यायला लागला.

तुम्हाला ठाव नसंल म्हणून सांगते. शिवंचा, धुऱ्याचा म्हंजी बांधाचा तंटा मिटंना, तर आमच्याकडं असं चालायची चाल व्हती. खरं चाललं तर काय नाय. खोटं चाललं, तर वरीस पालटायच्या आत कडेवरचं लेकरू जातंय.

सगळ्यांच्या माना खाली. आन् मंग रामकिसन, मेला, हळूच म्हणला, "कस्तुरामावशीची मेंढरं त्याच वाटंनं जायची की. तिच्यापरीस जास्त कोणाला ठाव असणार?"

झालं! समद्या माना मव्ह्याकडं वळल्या. साहेब तर खुलले. "बाई, तुम्ही सदस्य आहात. पाच मिनिटांचं काम. चालून टाका, म्हणजे मी लगेच कागद करतो."

"साहेब," मी म्हणलं, "तुमचं पोरगं आणा. घेते कडेवर."

साहेब हसले आन् पुन्हा चष्मा पुसायला लागले. मी मातर जागची हलले नाय. त्याला कारण व्हतं.

मव्हे चुलतसासरे, त्रिंबकमामंजी, आसंच चालले व्हते. मी नवी नवरी व्हते तव्हाची गोष्ट. कुरणाचा तंटा व्हता. डोक्यावर ढेकूळ, कडेवर मधलं पोरगं. देवमाणूस, सगळ्या जल्मात कधी खोटं बोलला नाय. पण वढ्याच्या पुरानं धुरा सरकला व्हता, ते त्याला उमगलं नाय. सरकलेल्या धुऱ्यानं चालला. पोळा झाला, पोरगं तापानं फणफणलं, आन् गेलं. मामंजी मरस्तवर म्हणायचे, "मी खोटा नव्हतो गं, चुकलो व्हतो." पण मातीला काय कळतंय, खोटं कोणचं आन् चूक कोणची?

आन् मव्हं तर तिथंच घोडं अडलं व्हतं. वाट व्हती, देवाशप्पत व्हती. मी मेंढरं घेऊन गेलेली हाय. पण मेंढरं काय पलटणीवानी एका रांगंत चालतेत? एक लिंब व्हता, त्याच्या सावलीला आम्ही टेकायचो, एवढं याद हाय. वाट लिंबाच्या ह्या अंगानं व्हती का त्या अंगानं? आन् लिंब तर नानासाहेबाच्या बापानं कवाच तोडला, बुंधा सुदिक उपटला.

हे मी चावडीतच सांगायला पायजे व्हतं. पण सगळं गाव मव्ह्या तोंडाकडं बघत व्हतं आन् मव्ह्या डोळ्याम्होरं ती पाटी. मी म्हणलं, "सकाळी बघू."

घरी गेले तर बातमी मव्ह्या आधी पोचलेली. आवडाबाई दारात आडवी. "आत्याबाई, मव्हं लेकरू देणार नाय. मेंढरं राखंल, अडाणी राहील, पण जितं राहील."

"आगं, एका वाटंपायी सगळ्या गावाची लेकरं..."

"गावाची लेकरं कडेवर घ्या ना मंग!"

तिचं खरं व्हतं. मला तर आतून बरंच वाटलं, का चला, सुटले. आन् तेवढ्यात फकिरा पाटी घेऊन आला आन् म्हणला, "आजी, उद्या शाळा?"

सकाळी सुनंनं पाय धरले तरी मी त्याला कडेवर घेऊन निघाले. ती मागं मागं रडत आली. कुंपणापाशी सगळं गाव जमलं व्हतं, जत्रा भरल्यावानी. साहेब, तलाठी, रामकिसन एका बाजूला. नानासाहेब दुसऱ्या बाजूला, आन् त्याच्या मागं त्याची बायको सरूबाई, नातवाला घेऊन. त्यांचा नातू कडूबा. त्यांच्या सुनंची बी आधीची लेकरं राहिली नव्हती, म्हणून हे नाव. कडू असलं का काळ तोंड लावत नाय म्हणतेत. दोन वाळे, गळ्यात काळा दोरा, फकिऱ्याच्याच वयाचं पोरगं.

पुजाऱ्यानं कपाळाला भंडारा फासला. डोक्यावर ढेकूळ ठेवलं. गार व्हतं, त्याची माती मव्ह्या कानामागून गळायला लागली. फकिऱ्यानं मव्ह्या गळ्याला मिठी मारली. त्याला काय, मौज वाटत व्हती.

"म्हणा," पुजारी म्हणला.

समोर काळं रान सपाट पडलेलं. कुठं व्हता गं माय तो लिंब? इथं का तिथं? एक पाय उचलला, तर तो पाय मव्हा वाटंना. त्रिंबकमामंजीचं ते पोरगं दिसायला लागलं, वाकळंवर निजवलेलं, तोंडावर माश्या. आन् मंग त्या पोराचं तोंड फकिऱ्यावानी दिसायला लागलं.

मी ढेकूळ खाली टाकलं. फकिऱ्याला खाली ठेवलं. "मला ठाव नाय," मी वरडले. "वाट व्हती. पण कुठून व्हती ते मला ठाव नाय!"

आवडाबाईनं पोराला असं उचललं का जसं इस्तवातून काढलं. रामकिसन म्हणला, "मावशे, गावाची अब्रू घालवली." साहेब म्हणले, "बाई, निदान थोडं तरी चालायचं."

आन् नानासाहेबाला चढलं. "बघितलं का? सगळ्या गावाची वाट, आन् एकाला बी कुठून ते ठाव नाय! मंग मीच दावतो मव्हा धुरा." त्यानं खाली वाकून ढेकूळ उचललं, फेट्यावर ठेवलं, आन् सरूबाईच्या कडेवरून कडूबाला वढून घेतलं. सरूबाई "आवं, नको, नको" म्हणती तवर हा कुंपणाच्या आत. "हे रान मव्हं! हे रान मव्हं!" म्हणत निघाला तरातरा.

गाव बघतच राहिलं. मी बी बघत राहिले. पहिल्यांदा मनात आलं, चालू दे, आपलं लेकरू तर वाचलं. खोटं कशाला सांगू, आलंच मनात. आन् मंग त्याची पाठ दिसली. सदरा घामानं चिकटला व्हता, सकाळच्या गारठ्यात! त्याची चाल हळू झाली. "मव्हं" म्हणताना आवाज फाटायला लागला. कडूबाचे पाय त्याच्या कमरंला लोंबत व्हते, वाळे वाजत व्हते, आन् पोरगं मव्ह्याकडं बघून हसत व्हतं.

त्याला बी ठाव नाय, माय!

मंग मी काय केलं ते मला नीट याद नाय. कुंपणाची बोराटी पायात घुसली, लुगडं फाटलं. "ठेवा लेकराला खाली! रान तुमचं! वाट नको आम्हाला!" मागून साहेब, "बाई, थांबा, काय करता?" करत व्हते. मी जाऊन कडूबाला त्याच्या कडेवरून हिसकावला आन् छातीशी धरला. नानासाहेब मला मारंल असं वाटलं. धनगराची बाई, आन् त्याच्या अंगाला झोंबली.

तो खाली बसला. मटकन, ढेकळातच. फेट्यावरचं ढेकूळ फुटून तोंडावर सांडलं.

"कस्तुरा," तो हळूच म्हणला, "मला बी ठाव नाय गं. आबा म्हणायचे, म्हणून मी म्हणतो."

"मंग कशाला निघालात, मुडद्यावानी? लेकरू जड झालंय का तुम्हाला?"

एवढं मी बोलले त्याला. त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, आन् मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "साहेब, वाट कोणाची ते इचारू नका. मी देतो. दिली म्हणल्यावर शपथ कशाला लागते?"

साहेब तलाठ्याला म्हणले, "हेच मी काल सुचवत होतो." हाणू का एक ह्याच्या थोबाडीत, असं झालं मला.

वाट झाली. मुरूम पडला, कुंपण मागं सरकलं. फकिरा शाळेत जायला लागला. कडूबाला औरंगाबादला ठेवायचं चाललं व्हतं, पण नानासाहेबानं धाडला नाय. डोळ्याआड नको म्हणला. त्याला बी आमच्याच शाळेत घातलं.

आता तुम्ही म्हणाल, चला, भलं झालं. झालंच की. पण नानासाहेब तेवढं तरी चाललाच व्हता ना, लेकरू कडेवर घेऊन, तोंडानं म्हणत? ती पावलं त्याच्या रानात पडली का गावाच्या वाटंवर? कोण सांगणार? लिंब तर नाय.

तव्हापासून मी रोज सकाळी वाटंच्या तोंडाशी शेळी बांधून बसते. लेकरं जातेत. मव्हा फकिरा मला हाक मारतो आन् मी त्याच्याकडं बघत बी नाय. मव्हे डोळे वाळ्यांच्या आवाजाकडं. दिवाळीत कडूबाला ताप भरला, तव्हा सरूबाई उशाला आन् मी पायथ्याला बसून व्हतो. उतरला ताप. पोळा आला आन् गेला. वरीस पालटलं. सगळे म्हणले, संपलं आता, काय व्हत नाय. मव्हं बसणं मातर सुटलं नाय.

पलीकडच्या धुऱ्यावर नानासाहेब बसलेला असतो. आमची फारशी बोली नाय.

"गेला का गं?" तो इचारतो. त्याला आताशा लांबचं दिसत नाय.

"गेला, नानासाहेब."

"आन् तुव्हा?"

"तो बी गेला."

मंग तो काठी टेकून उठतो, मी शेळी सोडते. आपापल्या घरी जातो. शाळा सुटायच्या वक्ताला पुन्हा यायचं असतंय.