कोपराच्या खळगीतला चुळबुळ्या व्रण

मी एक जुना व्रण आहे. एका बेकरीवालीच्या उजव्या कोपराच्या आतल्या खळगीत माझं बिऱ्हाड आहे. घरचे तिला थोरली म्हणतात. मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून भराभर सांगतो.

भट्टीतून काढताना तापलेला ट्रे तिच्या हाताला चिकटला आणि कातडी खोलवर भाजली. उघड्या मांसावर छप्पर घालायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी आलो आणि चिवट धागे विणत सुटलो. असे धागे साचून शरीराचा एखादा भाग घट्ट होतो, त्याला डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. जखम बुजली तेव्हा सगळे म्हणाले, "काय छान भरली!" मी फुशारलो. पण थांबायचं कधी, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी लाल झालो, फुगलो, दिवसभर खाजत राहिलो. हात सरळ केला की थोरली कळवळायची आणि तिच्या मावशीचा जीव तुटायचा.

"ताणू नकोस गं बाळा. असाच दुमडून ठेव," म्हणत मावशीने स्वतःच्या मऊ ओढणीची झोळी करून तो हात गळ्यात बांधला. मायाच ती! मला मात्र रान मोकळं मिळालं. दुमडलेल्या हाताच्या मापाने मी विणलं आणि ओढून घट्ट केलं. झोळी सोडली तेव्हा कोपर काटकोनापुढे उघडेना. पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं भट्टीच्या तळाशी पोचेना, मागचे पाव करपू लागले.

"भट्टी सुटली तर मी करू काय? काउंटरवर बसून माश्या मारू?" थोरली रडली. मला फार वाईट वाटलं, तरी माझं विणणं थांबेना.

धाकटा भाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेला. मावशीही गेली.

"कापून टाका हो तो! केलॉइड आहे, मी मोबाइलवर बघितलंय," भाऊ म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी भाजल्याच्या आठवड्यात जखमेची कड एका पारदर्शक कागदावर उतरवून ठेवली होती. तो कागद त्यांनी माझ्यावर धरला.

"केलॉइड जातीचा व्रण जखमेची ही रेघ ओलांडून चांगल्या कातडीत शिरतो. नुसता कापला तर बरेचदा दुप्पट जोमाने येतो. हा जाड झालाय, पण रेघेच्या आत आहे. याला हायपरट्रॉफिक म्हणतात. शिवाय सांधा आखडलाय, तो त्रास मी कागदावर वेगळा लिहिते. आधी याला वळण लावू, नाहीच ऐकलं तर शस्त्रक्रिया."

मावशी पुटपुटली, "मीच बांधला हो हात."

"आम्ही आधीच बजावायला हवं होतं, मावशी."

मग घट्ट बाही आली, सिलिकॉनची पट्टी आली, झोपताना हात सरळ ठेवणारा साचा आला. मावशी रोज मालिश करून हात हळूहळू ताणायची. मी चिडलो, ओढून धरलं, खाजून सूड घेतला. दीड वर्षाने मात्र मऊ पडलो, फिकट झालो.

मित्रांनो, जखम बुजली म्हणून निर्धास्त होऊ नका. माझ्यासारख्याला नाव काय, हे जाणत्याला विचारा आणि सांधा आखडू लागताच दवाखाना गाठा.

भट्टीपाशी आज थोरलीच उभी असते. हात अजून दोन बोटं कमी पडतो, म्हणून दर खेपेला ती आगीच्या अर्धं पाऊल जवळ जाते. ते अर्धं पाऊल मला तिला परत देता येत नाही.