शांताबाईचा खून

मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे रहस्यकथा लिहिणाऱ्या माझा भिवंडीत भलताच भाव वधारला. चहाच्या टपरीवर पॉवरलूमवाले गळ घालायचे, "यादवभाई, अगली किताब में मेरा मर्डर कर दो ना!" मीही हात आखडता घेतला नाही. उभा जन्म खऱ्या नावांनी मुडदे पाडले. खुन्याचं नाव मात्र बनावट. ते आपण होऊन कोण देणार?

सगळी मौज होती. पण मी मारलेल्यांपैकी अजून एकही मेलेला नाही, हे म्हातारपणी ध्यानात आलं आणि अंगावर काटा आला.

मध्यंतरी माझ्या बायकोला, शांताला, अर्धांगवायू झाला. डॉक्टरांनी हात टेकले. त्याच दिवशी मी कथेत तिच्या छातीत सुरा खुपसला. ती जगली. उठली नाही, कूस बदलली तरी कळवळते, पण जगली. मला ती हवी होती, बस्स.

परवा खारबावचा नामा दारात आला. शंभरी केव्हाच उलटलेली, डोळे गेलेले, रिक्षावाल्याने हाताला धरून आणलेला. माझ्या पहिल्याच पुस्तकात मी त्याला कशेळीच्या खाडीत बुडवला होता.

"पोरं गेली, नातू गेला, मी हायच," तो म्हणाला. "रोज मरान मागतो, येत न्हाय. मला तुज्या खाडीतनं भायेर काढ रं, यादवा."

मी वैतागलो. पण म्हातारा उंबऱ्यावरून हलेना. शेवटी त्याच्यासमोरच लिहिलं, 'कोळ्यांच्या जाळ्यात नामा जिवंत सापडला.' वाचून दाखवलं. तो बोळक्या तोंडाने हसला.

संध्याकाळी फोन आला. नामा जेवता जेवता गेला.

शांताने ऐकलं. "अहो," जड जिभेने एकेक शब्द ओढत ती म्हणाली, "माझाही खून मागे घ्या."

मी भडकलो. नामाचं वय झालं होतं, काहीतरी बरळू नकोस, म्हणालो. तिची कूस बदलायची वेळ झाली होती. बदलली, आणि तिच्या तोंडून तो आवाज आला. इतके दिवस तो मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो.

कागद ओढला. लिहिलं, 'सुरा बरगडीला निसटता लागला होता. शांताबाई वाचली.'

तिचा हात हातात घेऊन वाचून दाखवलं.

"छान लिहिलंत," ती म्हणाली, आणि तिची बोटं हळूहळू सैल झाली.