गाळून, कोमट

"दुधी काय एवढा महाग झालाय?" मिक्सरच्या भांड्यातून काल माझा डावा हात कुरकुरला. मी उजव्या हातानं झाकण दाबलं आणि बटण फिरवलं. तो रोजच बोलतो.

यांच्या घशातली गाठ कॅन्सरची निघाल्यापासून यांना माझ्याशिवाय काही पचत नाही. वरणाचं पाणी, नाचणी, डब्यातली पावडर, सगळं नाकातल्या नळीतून गेलं तसं उलटून आलं. मी मात्र टिकते. मला बारीक वाटायचं, मलमलच्या फडक्यातून गाळायचं, कोमट असताना नळीत सोडायचं. नखं तेवढी फडक्यात राहतात. सकाळपर्यंत हात परत फुटतो. हल्ली जरा आखूड फुटतो, पोळ्या लाटताना बेतानं घ्यावं लागतं.

आज फुटलाच नाही.

माझी नणंद कुंदा शहाळी घेऊन आली. यांचा पलंग स्वयंपाकघरातून दिसेल असा लावलाय. त्याच्यापाशी उभी राहून ती म्हणाली, "दादा, आज चेहरा काय टवटवीत दिसतोय." चेहरा म्हणावा असं तिथं फारसं उरलेलं नाही.

मग ती माझ्याकडे आली. रिकाम्या बाहीकडे बघून म्हणाली, "वहिनी, किती उतरलात हो. स्वतःला जपत जा." आणि शहाळ्याचा कोयता उचलून तिनं माझा उजवा हात खांद्यापासून काढला.

"पुढच्या केमोच्या आत दादाचं वजन वाढायला हवं."

"हो ना," मी म्हटलं.

तेवढ्यानं भागलं नाही. सासूबाई दारातून म्हणाल्या, "गुडघे घालू नकोस गं, पातं मोडेल." कुंदानं मांड्या तेवढ्या घेतल्या, हाडं सूपला काढून ठेवली. मला ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं, दुधावर लक्ष ठेवायला.

मी नळीतून गेले. यांच्या गालावर रंग काही चढला नाही.

"अजून थोडं," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "बरा होतोय तो."

कुंदानं कोयता धुतला, पदराला पुसला. "तोंड उघडा, वहिनी. जीभ मऊ असते."

मी उघडलं. पातं जिभेवर टेकलं, गार. समोर पलंगावर हे नळी चिमटीत घट्ट दाबून धरून माझ्याकडे बघत होते.

"अहो," मी पात्याखालून म्हटलं, "जा आता तुम्ही. मला जगायचंय."