एकतीस व्यवस्थापक

वैजनाथची नोकरी गेली ती व्हॉट्सअॅपवर. 'दैनिक लोकसनद'चं पहिलं पान तो अकरा वर्षं लावत होता. एका सोमवारी दुपारी चारला कामावर आला, तर 'सनद परिवार' नावाच्या ग्रुपमधून त्याला काढलेलं होतं आणि संगणक त्याचा पासवर्ड घेत नव्हता. कार्यकारी संपादक साहेबराव नरवडे काचेच्या केबिनमधून हे बघत होते. बाहेर आले नाहीत. रोजच्या अग्रलेखात सरकारला जाब विचारणारा हा माणूस स्वतःच्या पान लावणाऱ्याशी दोन वाक्यं बोलायला घाबरला.

डेस्कवरचे सगळे की-बोर्डवर वाकले. मिहिर धारूरकर तेवढा म्हणाला, "त्यानं स्वतःला अपडेट करायला हवं होतं."

मुख्य उपसंपादक तहरीम इनामदारही की-बोर्डवरच वाकलेली होती. बिडकीनच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या तहरीमचं मराठी ऑफिसात सगळ्यांत चोख होतं. 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' हे सतरा वर्षं ऐकून तिला त्या कौतुकाची शिसारी आली होती. साहेबरावांचा अग्रलेखही रोज तिच्याकडेच यायचा. ती तो मुळापासून नव्यानं लिहायची, साहेबराव त्याखाली नाव घालायचे आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांत त्या भाषेसाठी शाली घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेंद्र्याला वैजनाथच्या घरी गेली. बोलला तो त्याचा थोरला भाऊ रामकिसन. तो तिथल्याच एका कारखान्यात ऑपरेटर होता.

"तुमच्या युनियननं काय केलं मग?"

"आमच्यात युनियन नाही."

"नाय?" रामकिसनला खरंच आश्चर्य वाटलं. "औंदा आमचा करार झाला, तव्हा तुमच्याच पेपरात आलतं की. 'एकजुटीचा विजय'. मथळा लई भारी व्हता."

"मीच दिला होता."

"म्हंजी ताई, लोकाच्या लग्नात अक्षता टाकायच्या अन् आपलं घर उपाशी, व्हय?"

तहरीमनं पिशवीतून वही काढली. रामकिसननं मग तिला युनियनच्या नोंदणीचा अर्ज कुठं करायचा, किती सह्या लागतात, मागणीपत्र कसं लिहायचं, हे सगळं नीट सांगितलं. दहावी नापास माणसाकडून दोन पदव्यांची बाई वहीत टिपून घेत होती.

पुंडलिकनगरात एका सहकाऱ्याच्या गच्चीवर बैठक झाली. डेस्कवरचे एकतीस जण होते, आले सव्वीस. पहिली पंधरा मिनिटं 'संघटना' म्हणायचं की 'मंच', यावर चर्चा झाली. मग मिहिर उठला.

"आपण बुद्धिजीवी आहोत. झेंडे घेऊन गेटवर उभं राहायला आपण काय शेंद्र्याच्या कंपनीतले वर्कर आहोत?"

"नाही," तहरीम म्हणाली. "त्यांच्याकडं नेमणूकपत्र असतं."

बावीस सह्या झाल्या. मिहिरनंही केली, पण नाव वाचता येणार नाही अशी. नोंदणी झाली आणि मागणीपत्र गेलं: वैजनाथला परत घ्या, नेमणूकपत्रं द्या, साप्ताहिक सुट्टी द्या, लेखी कारणाशिवाय कुणाला काढू नका.

आठवड्यात उत्तर आलं. एकतीसच्या एकतीस जणांना बढतीची पत्रं मिळाली. प्रत्येकाचं पद 'व्यवस्थापक (संपादन)'. पगार तोच. खाली बारीक अक्षरांत होतं की व्यवस्थापकांना कामाचे ठरावीक तास नसतात, सुट्टी गरजेनुसार मिळेल आणि त्यांना कामगार संघटनेचं सभासद राहता येणार नाही.

रोज दुसऱ्यांच्या मजकुरातल्या खोचा शोधणाऱ्या या मंडळींनी ते बारीक अक्षर वाचलंच नाही. मिहिरनं पेढे वाटले. दोघांनी फेसबुकवर टाकलं. एकानं सासऱ्यांना फोन लावला. मॅनेजरला संघटना शोभत नाही, असं म्हणत संध्याकाळपर्यंत सतरा जणांनी संघटनेचे राजीनामे लिहून दिले, त्यातले तीन अशुद्ध.

तहरीमनंही पत्रातलं आपलं नवं पद दोनदा वाचलं. आणि घरी जाताना बिडकीनला फोन करून आईला सांगितलं. आई हरखली, "मॅनेजर? बँकेतल्यासारखी?" त्या प्रश्नासरशी तहरीमला स्वतःचा असा तिटकारा आला की तिनं रिक्षा थांबवली आणि उरलेला रस्ता पायी गेली. इतकी वर्षं ज्यांना ती मनात हसत होती, त्यांच्याच रांगेत ती उभी होती.

पुढचे तीन आठवडे कुणालाच सुट्टी मिळाली नाही. व्यवस्थापक झालेले लोक चिडचिडे झाले. मग एका गुरुवारी साहेबरावांनी मिहिरपुढं जिल्हा पानाच्या प्रुफांचा गठ्ठा टाकला.

मिहिर मान ताठ करून म्हणाला, "सर, प्रुफं मी कशी वाचू? हे मॅनेजरचं काम नाही."

साहेबराव हसले. डेस्कही हसलं. तहरीम हसली नाही. तिनं ड्रॉवरमधून आपलं पत्र काढलं. कामाचं स्वरूप: 'देखरेख व मार्गदर्शन.' बातम्या लिहिणं, तपासणं, पानं लावणं यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. मिहिर आयुष्यात पहिल्यांदा काही अचूक बोलला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

तहरीमनं ती ओळ एकेकाला वाचून दाखवली. पुढच्या मंगळवारी एकतीसही जण वेळेवर आले, खुर्च्यांत बसले आणि देखरेख करू लागले. तत्त्वासाठी नव्हे. रविवार गेले होते म्हणून. मिहिर तर निव्वळ प्रतिष्ठेसाठी बसला होता.

पाच वाजता साहेबराव बाहेर आले. "पानं कोण लावणार?"

"ते तुम्ही ठरवा, सर," तहरीम म्हणाली. "आम्ही देखरेख करू. पत्रात तेवढंच आहे."

"हा काय पोरखेळ आहे?"

"पत्रावर सही तुमची आहे."

"आणि मार्गदर्शन लागलं तर सांगा, सर," मिहिर मनापासून म्हणाला.

त्या दिवशीचा अंक साहेबराव, जाहिरात विभागातला एक माणूस आणि मालकांचा भाचा, अशा तिघांनी काढला. जालन्याच्या बातम्या बीडच्या पानावर गेल्या. त्याचं कुणाला फार वाटलं नसतं. पण अग्रलेख साहेबरावांचा जसाच्या तसा छापला गेला, आणि विषय होता 'मराठी भाषेची दुरवस्था'. वाक्यं एका कर्त्यानं सुरू होऊन दुसऱ्याच्याच क्रियापदावर संपत होती. 'दुरवस्था' तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेली होती. सकाळी नऊपासून निवृत्त मुख्याध्यापकांचे फोन सुरू झाले. एक गुरुजी तर लाल शाईनं तपासलेला अंक घेऊन थेट कचेरीत आले. त्रेचाळीस चुका, आणि खाली शेरा: 'विद्यार्थी हुशार असावा, पण अभ्यास मुळीच नाही.' तो अंक शहरभर मोबाइलवर फिरला.

देखरेख आणखी दोन दिवस चालली. शुक्रवारी कामगार कार्यालयात संघटनेच्या मागणीपत्रावर सुनावणी होती. कंपनीचे वकील म्हणाले, हे सगळे व्यवस्थापक आहेत, यांना संघटनेचा अधिकारच नाही.

अधिकारी बाईंनी विचारलं, "एकतीस व्यवस्थापक. यांच्या हाताखाली किती माणसं?"

वकिलांनी साहेबरावांकडं पाहिलं. साहेबराव छताकडं बघत होते. उत्तर तहरीमनं दिलं, "एक. कचरूमामा. शिपाई आहेत, पुढच्या महिन्यात निवृत्त होतील."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वकील खाली बसले.

मालक त्याच संध्याकाळी बोलणीला तयार झाले. त्यांना काही न्यायबुद्धी सुचली नव्हती. आपला पेपर कोण लिहितं, हे त्यांना वीस वर्षांनी पहिल्यांदा कळलं होतं, एवढंच. पंधरा दिवसांत तीन वर्षांचा करार झाला. प्रत्येकाला त्याच्या मूळ पदाचं नेमणूकपत्र, आठवड्याला हक्काची सुट्टी आणि लेखी नोटीस व सुनावणीशिवाय कुणालाही काढायचं नाही. वैजनाथ मागच्या सेवेसह परत आला. परतल्या दिवशी त्यानं संगणकावर पहिलं पान उघडलं, म्हणाला, "फाँट कुणी बदलला रे हा भिकार?" आणि कामाला लागला.

साहेबराव तब्येतीच्या कारणानं सल्लागार झाले. सतरा राजीनामेवाले परत सभासद झाले आणि आपण कधी गेलोच नव्हतो, असं बोलू लागले. मिहिरनं अध्यक्षपद मागितलं. तहरीमनं ते देऊन टाकलं. भाषणांना कुणीतरी लागतंच. सचिवपद तिनं स्वतःकडं ठेवलं.

महिनाभरानं एका केबल वाहिनीतली मुनीब आणि अंबिका नावाची दोन वार्ताहर मंडळी भेटायला आली. मिहिरनं त्यांना बसवून घेतलं आणि संघर्षाच्या सुरुवातीच्या दिवसांविषयी सांगायला घेतलं, "मी पहिल्या बैठकीतच ठणकावून सांगितलं होतं..."

तहरीमनं खुर्ची पुढं ओढली.

"नेमणूकपत्रं आहेत तुमच्याकडं?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "मॅडम, आम्ही पत्रकार आहोत," मुनीब जरा दुखावून म्हणाला. "कामगार नाही."

तहरीमनं मिहिरकडं एकदा पाहिलं, मग वही उघडली. "शेंद्र्याला माझ्या ओळखीचे एक ऑपरेटर आहेत," ती म्हणाली. "आधी त्यांना भेटून या."