कोपराला फिरवलेली तुरटी

आमच्या घरच्या न्हाव्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काडीची अक्कल नाही. ऑपरेशनला न्यायच्या आधी नर्सने ह्यांची उजवी बाही वर केली आणि मी वाकून पाहिलं. कोपर अगदी गुळगुळीत!

जन्मभर हात उचलून कात्री चालवली, त्यात कोपरातली नस दबली. करंगळी बधिर झाली. दाढी करताना हे तीच करंगळी गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवतात. तिला काही कळेना, तर वस्तरा धरायचा कसा? नस मोकळी करू, पण फार उशीर नको, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि बजावलंही होतं, की कोपराला वस्तरा लावू नका, केस आम्ही काढू.

"कुठे कापलंबिपलं नाही ना?" नर्सने विचारलं.

"छे! मी कापेन होय?" हे ऐटीत म्हणाले.

सकाळी मोरीत ओली तुरटी पडलेली मी पाहिली होती. रक्त थांबवायला हे तीच फिरवतात. आणि आज दाढी तर केली नव्हती.

"खोटं बोलतायत," मी म्हणाले. "डाव्या हाताने वस्तरा फिरवलाय. नीट बघा."

डॉक्टरांनी दिवा ओढून पाहिलं. बरोबर चीर द्यायच्या जागी दोन बारीक काप होते.

"इथून जंतू आत गेले तर हातावर बेतेल. हे भरू द्या. पुढच्या आठवड्यात या."

"माझ्या कोपराला दुसऱ्याने हात लावायचा?" हे बाहेर येऊन भडकले. "आता करंगळी गेली, तर तुझ्यामुळे!"

मी तोंडावर म्हटलं, "जाऊ दे गेली तर!" पण आतून पार घाबरले होते.

पुढच्या आठवड्यात नर्सने मशीनने केस काढले. ह्यांनी डोळे मिटून घेतले. ऑपरेशन झालं, टाके निघाले. करंगळी मात्र तशीच. धीर धरा, डॉक्टर म्हणाले. हे दिवसभर ती आरशावर, दारावर दाबून बघायचे आणि माझ्याशी बोलायचे नाहीत.

एका सकाळी मी भांडी घासता घासता रडत होते. हे मागून आले, सवयीने करंगळी माझ्या गालावर टेकवली आणि तसेच थांबले.

"अगं," हे म्हणाले, "ओलं लागतंय."

"मग पुसा की," मी म्हणाले.